गुडघाभर पाण्याचे पाहुणे

शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचीं चौतीस वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत ‘कारंडव’ हा शब्द किती वेळां आमच्या वर्गांत येऊन गेला असेल त्याची गणती नाहीं. ऋतुसंहारांतील शरदाचें वर्णन निघालें कीं तो यावयाचाच. आणि प्रत्येक वेळीं ‘कारंडव म्हणजे एक प्रकारचें बदक’ एवढें फळ्यावर लिहून आम्ही समासाच्या विग्रहाकडे वळत असूं. कोशांतहि बहुधा एवढेंच असतें, तेव्हां आमचें चुकलें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत आमचा धाकटा नातू, वय वर्षें दहा, आमच्याजवळ शब्द पाठ करीत बसला असतां हाच शब्द आला, आणि आमचें ठरीव उत्तर ऐकून त्यानें विचारलें, “आजोबा, एक प्रकारचें म्हणजे कोणत्या प्रकारचें?”

आम्हीं चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणें ही शिक्षकाची जुनी युक्ति आहे. तेवढ्या वेळांत बहुधा उत्तर सुचतें. त्या दिवशीं मात्र तें सुचलें नाहीं. विचार करतां असें दिसून आलें कीं, बदक म्हणून आम्हांस ठाऊक होतें तें पाळीव, पांढरें आणि पिवळ्या चोंचीचें. बाकीचीं सर्व रानबदकें आमच्या लेखीं एकच. आमच्या गांवच्या तळ्यावर आमच्या लहानपणापासून दर हिवाळ्यांत बदकें उतरत. ‘पाणबदकें आलीं’ असें आम्ही म्हणत असूं, आणि तेवढ्यानें आमची जिज्ञासा तृप्त होत असे. साठ वर्षें जे पाहुणे दारांत येऊन गेले त्यांचीं नांवेंहि आम्हीं विचारलीं नव्हतीं! आणि आतां विचारूं म्हटलें तर, चार हिवाळे झाले, ते आमच्या तळ्यावर येईनासेच झाले होते.

आमचे थोरले चिरंजीव नाशकास नोकरीस आहेत. तेव्हां त्या पौषांत त्यांच्याकडे जाऊन, नातवाच्या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष पाण्यावर शोधावें असें ठरलें. नाशिक जिल्ह्यांत निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, नांदूर-मध्यमेश्वर येथें एक जुना बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, इंग्रजी अमदानींत, पाटाच्या पाण्यासाठीं तो बांधला गेला. दोन्ही नद्यांनीं वर्षानुवर्षें वाहून आणलेला गाळ त्यामागें सांचत गेला, पाणी उथळ होत गेलें, मधून मधून मातीचीं बेटें वर आलीं आणि त्यांवर लव्हाळा व पाणगवत माजलें. पाटबंधाऱ्याच्या हिशेबीं हें नुकसानच होय. परंतु इंजिनियरांचें जें नुकसान तेंच पक्ष्यांचें घबाड ठरलें! १९८६ सालीं ही जागा पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाली. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार इराणांतील रामसर या गांवीं २ फेब्रुवारी १९७१ रोजीं झाला. त्या कराराच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिली जागा म्हणून नांदूर-मध्यमेश्वरचें नांव आल्याचें २०२० च्या जानेवारींत जाहीर झालें.

पहांटे निघून उजाडतां उजाडतां आम्ही तेथें पोहोंचलों. आम्ही, आमचें कुटुंब, सूनबाई आणि नातू. कानटोप्या, शाली, तिळाच्या वड्या आणि चिरंजिवांची दुर्बीण असा सरंजाम बरोबर होता. तेथील एक तरुण वाटाड्या आम्हांस मिळाला. आम्हीं दुर्बीण डोळ्यांस लावली आणि मोठ्या उत्साहानें “तें तांबड्या डोक्याचें कोणतें? तें हिरव्या डोक्याचें कोणतें?” अशी विचारणा सुरू केली. तो गृहस्थ नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, आधीं रंग नका बघूं. आधीं तें करतंय काय तें बघा.”

चौतीस वर्षें दुसऱ्यांस धडे दिलेल्या मनुष्यास हा धडा जरा कडू लागला. पण धडा खरा होता. आपल्याकडील पाण्यावर हिवाळ्यांत दिसणाऱ्या बहुतेक रानबदकांचे त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बुडी मारणारांचा. लालसरी, शेंडी बदक हीं या वर्गांतलीं. हीं बदकें आंगभर पाण्याखालीं जातात आणि बऱ्याच अंतरावर पुन्हां वर येतात. बुडीच्या सोयीसाठीं त्यांचे पाय आंगाच्या मागच्या बाजूस असतात, त्यामुळें जमिनीवर त्यांची चाल बेढब दिसते, आणि उडावयाचें झालें म्हणजे त्यांना पाण्यावरून कांहीं अंतर धांवत जावें लागतें.

दुसरा वर्ग हा आमच्या आजच्या लेखाचा विषय. यांना आम्ही ‘डोकें बुचकळणारीं बदकें’ म्हणूं. हीं सहसा बुडी मारीत नाहींत. पाण्याच्या पृष्ठावर चोंच फिरवून, मान पाण्यांत घालून, किंवा आंगाचा पुढचा अर्धा भाग खालीं व शेपटी सरळ आकाशाकडे करून तीं तळाचें खाद्य टिपतात. हा शेवटचा प्रकार पाहतांच नातू ओरडला, “आजोबा, शीर्षासन!” आणि खरोखरच त्या वेळीं समोर पंधरा-वीस शेपट्या एकाच वेळीं वर झालेल्या पाहून व्यायामशाळेची आठवण झाली. हीं बदकें पाण्यावर हलकीं तरंगतात, शेपटी पाण्याच्या वर राखतात, आणि भय वाटलें तर धांव न घेतां जागच्या जागीं सरळ वर उसळतात. एवढीं लक्षणें ध्यानांत ठेविलीं म्हणजे निम्मी ओळख पटली.

आतां एकेकाची ओळख करून घेऊं.

सर्वांत सोपा तो थापट्या. त्याची चोंच लांब व टोकाशीं पसरट, गवंड्याच्या थापीसारखी. नराचें डोकें हिरवें चकाकदार, छाती पांढरी शुभ्र आणि कुशी विटकरी रंगाच्या. परंतु रंग न दिसला तरी चोंच पुरे. तिच्या कडांस आंतून केसांसारखे बारीक दांते असतात. पाणी आंत घ्यावयाचें, दांत्यांतून बाहेर सोडावयाचें, आणि बारीक किडे व बी तेवढें आंत ठेवावयाचें. आमच्या सूनबाई म्हणाल्या, “हा तर चहाची गाळणी तोंडांतच घेऊन हिंडतो.” कित्येकदां पांच-दहा थापटे एकामागें एक असे पाण्यांत गोल फिरतात, म्हणजे एकाच्या पायांनीं ढवळलेलें दुसऱ्याच्या चोंचींत जातें. गांवाजवळच्या मळकट डबक्याचेंहि त्यांस वावडें नसतें.

तलवार बदक हें या सर्वांत डौलदार. मान लांब व सडपातळ. नराचें डोकें गर्द तपकिरी, त्यावर मानेच्या बाजूनें वर चढत गेलेली पांढरी रेघ, आणि शेपटींतून निघालेलीं दोन लांब टोंकदार पिसें. मादी साधी, भुरकट. पण तिचीहि मान लांब आणि शेपटी टोंकदार, त्यावरून ती ओळखूं येते.

चक्रांग हें सर्वांत लहान, पारव्याहून थोडेंच मोठें. नराचें डोकें काथाच्या रंगाचें, डोळ्यापासून मानेपर्यंत हिरवा पट्टा, आणि शेपटीखालीं पिवळसर डाग. चक्रांगांचा थवा उडाला म्हणजे सर्व एकदम वळतात, एकदम फिरतात. कवाईत करणाऱ्या मुलांनींहि त्यांच्याकडून शिकावें.

चक्रांगाहून किंचित मोठें भुवई बदक. तपकिरी डोक्यावर डोळ्याच्या वरून मानेपर्यंत गेलेली रुंद पांढरी भुवई ही नराची खूण. मादीस अशी ठळक भुवई नसते. तिच्या चेहऱ्यावर फिक्या व काळपट रेघा आडव्या ओढलेल्या दिसतात. हे पाहुणे सर्वांच्या आधीं येतात. पावसाळा पुरता सरण्यापूर्वींच यांचे पहिले थवे दिसूं लागतात.

इंग्रजींत ज्यास गॅडवॉल म्हणतात तें बदक राखी कोट घातलेल्या जुन्या हेडक्लार्कासारखें दिसतें. अंग राखी, पाठीमागचा भाग काळा, आणि पंखावर एक लहानसा पांढरा चौकोन. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी पक्षी बुडी मारून तळाचें शेवाळ वर आणतो, आणि हा भला गृहस्थ तें त्याच्या तोंडांतून पळवितो! विजन नांवाच्या बदकासहि हीच संवय आहे. विजनाच्या नराचें डोकें तांबूस आणि कपाळावर पिवळसर पट्टा, जणुं गंध लावलेलें. हें बदक कांठावर येऊन गाईसारखें गवत चरतें, आणि त्याचा आवाज शीळ घातल्यासारखा असतो.

एवढें होईपर्यंत आमचें कुटुंब शाल घेऊन मुकाट्यानें बसलें होतें. दुर्बीण एकदां त्यांच्या हातीं दिली, तेव्हां त्यांनीं ती लव्हाळ्याकडे वळविली आणि त्या म्हणाल्या, “अहो, हें बघितलंत का? याच्या चोंचीला हळद नि कुंकू दोन्ही लावलंय!”

वाटाड्या हसून म्हणाला, “आजी, नांवच तें हाय त्याचं. हळदी-कुंकू!”

खरोखरच मराठींत या बदकाचें नांव हळदी-कुंकू. चोंच काळी, टोकाशीं पिवळी, आणि बुडाशीं कपाळाजवळ दोन तांबडे ठिपके. पाय केशरी, अंगावर खवल्यांसारखी नक्षी. इतर मंडळी परदेशची. हें बदक मात्र आपल्याकडचें, बारमाही राहणारें, पावसाळ्याच्या सुमारास पाण्याकांठच्या गवतांत अंडीं घालणारें. याच्या नर-मादींत फारसा भेदहि नसतो. कोणा अनामिक मराठी बाईनें किंवा बोवानें पाण्यावर पाहून हें नांव ठेविलें असेल. कोशकारांच्या ‘एक प्रकारचें’ या शब्दापुढें हें नांव किती डोळस आहे, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वर दिलेले रंग बहुतेक नरांचे आहेत. माद्या साऱ्या भुरकट, तपकिरी, एकमेकींसारख्या. शिवाय वीण आटोपल्यावर नर आपला भरजरी पोशाख उतरवून कांहीं महिने मादीसारखाच साधा वेष धारण करतात. उडण्याचीं मोठीं पिसें त्या काळांत एकदमच गळतात, आणि नवीं येईपर्यंत त्यांस उडतां येत नाहीं. अशा वेळीं झगझगीत पोशाख म्हणजे शत्रूस आमंत्रणच. आश्विन-कार्तिकांत आपल्याकडे येणारे कित्येक नर अजून याच साध्या वेषांत असतात. म्हणून नवशिक्यानें मार्गशीर्ष-पौषांत पहावयास जावें. तोंवर बहुतेकांचा पोशाख पुन्हां चढलेला असतो.

मादी ओळखावयाची ती चार गोष्टींवरून : आकार, चोंच, सोबत आणि पंखावरची पट्टी. यांतील शेवटची खूण फार कामाची. या बदकांच्या पंखाच्या मागच्या कडेस एक चकाकणारी पट्टी असते. शास्त्रज्ञ तीस ‘स्पेक्युलम’ म्हणतात. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ आरसा. पंख मिटलेला असतां हा आरसा पुष्कळदां झांकलेला असतो, पण उडतांना तो चमकतो. चक्रांगाचा आरसा हिरवा, गॅडवॉलचा पांढरा, हळदी-कुंकवाचा हिरवा व पांढऱ्या कडांचा, थापट्याचा हिरवा, पण त्याच्या पुढें पंखाचा खांदा निळसर, तलवार बदकाच्या मादीचा मळकट तपकिरी. नातवानें आपल्या वहींत ‘आरसे’ असा मथळा घालून हें सर्व टिपून घेतलें. डॉ. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं प्रथम निघालें. त्याची पुढील कोणतीहि आवृत्ति घरीं असल्यास चित्रांवरून ताळा पाहण्यास फार उपयोगी पडते.

इतका वेळ आम्ही बदकें पाहत होतों. तीं कोठें आहेत इकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें. दहा वाजण्याच्या सुमारास आमच्या ध्यानांत आलें कीं, मधोमध एवढें विस्तीर्ण पाणी मोकळें पडलें असतां तेथें बुडी मारणारांखेरीज फारसें कोणी नाहीं. बुचकळणारी सारी मंडळी कांठाशीं, चिखलाशीं, गवताशीं दाटीवाटीनें बसलेली. आम्हीं वाटाड्यास कारण विचारलें.

तो म्हणाला, “तिथं खोल हाय, गुरुजी. चोंच पुरत नाहीं तिथं यांनीं काय खावं? यांचं ताट इथं वाढलेलं असतं.”

किती साधी गोष्ट! ज्या पक्ष्यास बुडी मारावयाची नाहीं त्याचें अन्न त्याच्या मानेच्या टप्प्यांतच असलें पाहिजे. म्हणून यांचें खरें घर म्हणजे तळें नव्हे, तळ्याची कड. वीतभर ते हातभर पाणी, खालीं मऊ गाळ, गाळांत पाणगवताचें बी, कंद, गोगलगाई, किड्यांच्या अळ्या. त्यांतहि पंगतीची व्यवस्था आहे. लहानगें चक्रांग बोटभर पाण्यांत चिखल चाळतें; थापट्या पृष्ठावरचें गाळून घेतो; लांब मानेचें तलवार बदक शीर्षासन करून इतरांस न पोंचणाऱ्या तळापर्यंत जातें; विजन कांठावर चरतें. पंगत एक, पण पान ज्याचें त्याचें वेगळें. दिवसां विसांवा घेऊन रात्रीं भाताच्या खाचरांत व दलदलींत चरावयास जाण्याचाहि यांतील पुष्कळांचा परिपाठ आहे.

महाराष्ट्रांत अशीं ठिकाणें कोठें आहेत हें यावरून सहज कळेल. भीमेवरील उजनीचा जलाशय हिवाळ्यांत ओसरूं लागला म्हणजे भिगवणच्या बाजूस मैलोगणती चिखलपट्टा उघडा पडतो. पैठणचा नाथसागर पसरट असल्यामुळें त्याच्या कडेस उथळ पाणी विपुल. पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलाव तर पूर्वजांनीं एका बाजूस बांध घालून दुसरी बाजू शेताकडे उतरती ठेविल्यामुळें जणुं या पाहुण्यांसाठींच बांधल्यासारखे आहेत. अशा कडेवर उतरणारें चक्रांग किंवा तलवार बदक सायबेरिया-मध्य आशियाच्या बाजूनें हजारों मैल उडून येतें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें राजस्थानांत भरतपूर येथें बदकांच्या पायांत वळीं अडकवून तीं सोडलीं, त्यांतील कांहीं पुढें सायबेरियांत सांपडलीं. तेव्हां हा प्रवास केवळ तर्क नव्हे, पुराव्यानें सिद्ध झालेली गोष्ट आहे.

त्याच भरतपूरच्या पाण्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसराय लॉर्ड लिन्लिथगो यांच्यासाठीं शिकार भरली, आणि एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आंकडा तेथें शिळेवर कोरलेला आहे. आज तें स्थान राष्ट्रीय उद्यान आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशी शिकार गुन्हा ठरविली आहे. हें वाचून आपण सुटकेचा श्वास टाकतों आणि म्हणतों, तें क्रौर्य संपलें. आम्हीहि असेंच म्हणत असूं. परंतु त्या दिवशीं नांदूरच्या कांठावर, तिळाची वडी हातांत असतां, आम्हांस आमच्या गांवचें तळें आठवलें आणि वडी तोंडापर्यंत गेली नाहीं.

सांगावयास लाज वाटते, पण सांगितलें पाहिजे. आमच्या गांवचें तळें गाळानें भरत आलें होतें. उन्हाळ्यांत पाणी आटे, बायाबापड्यांचे हाल होत. तळें खोल करून त्याचें सुशोभन करावें म्हणून गांवकऱ्यांनीं अर्ज करण्याचें ठरविलें, आणि तो लिहिण्याचें काम अर्थातच मास्तरांकडे आलें. आम्हीं तो उत्तम मराठींत लिहिला. ‘कांठची दलदल निरुपयोगी व कुरूप असून ती समूळ नाहींशी करावी’ हें वाक्य आमचें. पहिली सही आमची. काम झालें. यंत्रें आलीं, गाळ निघाला, तीन बाजू सरळ तासून दगडांनीं बांधल्या, वर फिरावयास वाट झाली, बांकें आलीं. समारंभांत आम्हांस शाल व श्रीफळ मिळालें.

त्या हिवाळ्यांत तळ्यांत पूर्वीच्या दुप्पट पाणी होतें, आणि बदक एकहि नव्हतें. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हिवाळ्यांतहि नाहीं. कोणी विचारलें तर आम्ही गंभीर मुद्रेनें सांगत असूं, “आतां पूर्वीसारखी थंडी राहिली नाहीं.” वास्तविक थंडीचा दोष नव्हता. दगडी कांठापासून पहिल्याच पावलास पुरुषभर पाणी झालें होतें. मान पुरेल अशी जागाच उरली नव्हती. व्हाइसरायाची बंदूक एका दिवसापुरती होती. आमच्या लेखणीनें पाहुण्यांचें ताटच कायमचें उचललें होतें, आणि त्याबद्दल शाल आमच्या खांद्यावर होती.

गैरसमज होऊं नये म्हणून सांगतों : गाळ काढणें चूक होतें असें आमचें म्हणणें नाहीं. माणसांस पाणी पाहिजे, आणि तें आधीं पाहिजे. चूक ही कीं, सगळाच कांठ तासावयास नको होता. जेथें ओढा तळ्यास मिळतो ती एक बाजू उतरती, गवताळ ठेविली असती तर गांवाचें पाणी कमी झालें नसतें.

परत आल्यावर चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ओढ्याकडची चौथी बाजू पैसे न पुरल्यानें अजून तशीच पडली आहे, आणि ती बांधण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढें यावयाचा आहे. आम्हीं दुसरा अर्ज लिहिला. सभेंत एक तरुण उठून म्हणाला, “गुरुजी, मागचा अर्जहि तुमच्याच अक्षरांत आहे.”

आम्ही म्हणालों, “होय. अक्षर दोन्हींचें चांगलें आहे. मजकूर पहिल्याचा चुकला.”

लोक हसले, पण नंतर पुष्कळ वादहि झाला. डांस होतील, साप येतील, शोभा जाईल. डांसांची भीति खोटी नव्हती. म्हणून साचलेलीं सुटीं डबकीं बुजवावीं, पण तळ्याशीं जोडलेला उतार राखावा असें ठरलें. शेवटीं दगडाचा खर्च वांचतो हा मुद्दा आमच्या सर्व पक्षिशास्त्राहून प्रभावी ठरला हें कबूल केलें पाहिजे. ती बाजू तशीच राखण्याचें ठरलें.

या वर्षीं कार्तिकापासून आम्ही रोज सकाळीं तिकडे फेरी घालीत आहों. चक्रांग आलेलें नाहीं, तलवार बदक नाहीं, भुवई नाहीं. ज्यांस चार-पांच वर्षें दार बंद दिसलें ते पाहुणे एका निमंत्रणानें येतील अशी अपेक्षा तरी कशी करावी? परंतु मार्गशीर्षांतील एका गुरुवारीं, तुळशीची पूजा आटोपून फेरीस आमच्याबरोबर आलेलें आमचें कुटुंब ओढ्याच्या तोंडाशीं एकदम थांबलें. गवताच्या आडोशास दोन बदकें होतीं. दुर्बिणीची गरज पडली नाहीं. हळद आणि कुंकू दोन्ही स्पष्ट दिसत होतें.

घरीं येऊन नातवास फोन केला. बातमी ऐकून आनंदानें उडी मारील असें वाटलें होतें, पण त्यानें मास्तरांसारखें शांतपणें विचारलें, “आजोबा, उडालीं तेव्हां आरसा कोणत्या रंगाचा दिसला?”

“हिरवा. पांढऱ्या कडांचा.”

“मग बरोबर,” तो म्हणाला.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या गांवाजवळ एखादें तळें, बंधारा किंवा नदीचा फुगवटा असेलच. येत्या मार्गशीर्ष-पौषांत एका सकाळीं मुलाबाळांस घेऊन तेथें जावें. सूर्य पाठीशीं ठेवावा, भडक कपडे घालूं नयेत, पाण्यापासून अंतर राखावें, आणि पोळी-भाकरीचे तुकडे पाण्यांत टाकूं नयेत. त्यांचें अन्न त्यांस ठाऊक आहे. आणि परत फिरण्यापूर्वीं एकवार कांठाकडे पहावें : गुडघाभर पाण्याची, चिखलाची, गवताची ती कड अजून शिल्लक आहे कीं नाहीं. तिच्या विरुद्ध अर्ज आपल्याकडे सहीसाठीं आला तर सही करण्यापूर्वीं चष्मा नीट पुसून घ्यावा.

कारंडवाचें उत्तर मात्र आम्हांस अजून देतां आलेलें नाहीं. आमच्या जुन्या कोशांत त्या शब्दासमोर नातवानें शिसपेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढून ठेविलें आहे. तें आम्हीं खोडलेलें नाहीं.